टक्केवारीसाठी मला मयत समजण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
निधिसूत्र व विद्यार्थी साहाय्य विभाग,
राज्य उच्चशिक्षण मंडळ,
राजधानी.

अर्जदार: श्रीमती व्हेल्मा गर्टसन, वय ८१, विद्यार्थिनी, मेडो फोर्क राज्य विद्यापीठ, मु. मेडो फोर्क.

विषय: पदवीपूर्तीच्या टक्केवारीतून नाव कमी होण्यासाठी मला मयत समजण्यात यावे, याबाबत.

संदर्भ: १) मंडळाने आमच्या विद्यापीठास धाडलेली सूचना, दि. ३ मार्च २०२५.
२) आपल्या कार्यालयातील एका तरुणाशी दूरध्वनीवर झालेले बोलणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी जिवंत आहे. हे सुरुवातीलाच कबूल करते, म्हणजे पुढे चौकशीत काही लपवल्याचा ठपका यायला नको.

१. संदर्भ क्र. १ नुसार, ज्या विद्यापीठातले निम्मे विद्यार्थीही सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडत नाहीत, तिथल्या मुलांचे राज्याचे गरजू-विद्यार्थी अनुदान येत्या सप्टेंबरपासून बंद होणार आहे. २०१९ साली दाखल झालेल्यांची आमची टक्केवारी आज सेहेचाळीस आहे. ऑगस्टअखेर ती पन्नासवर गेली नाही, तर संपले. जे रखडले आहेत त्यांत मी आणि आमच्या मेनोनाइट चर्चच्या गोधडी मंडळातल्या आणखी दहा बायका आहोत. आम्हांला वगळले तर हीच टक्केवारी बावन्न होते.

२. हे अनुदान म्हणजे आपल्या तक्त्यातला एक रकाना असेल. आमच्याकडे त्याचे नाव ऑटम रेम्पल आहे. ती माझ्या शेजारची, वय एकोणीस, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी ती वृद्धाश्रमात काम करते. माझे पती हार्लन तिथे असतात. ते मला हल्ली ओळखत नाहीत, मला ‘बँकेतली बाई’ म्हणतात आणि जपून बोलतात. पण दाढी करायला ऑटम आली की हनुवटी आपण होऊन वर करतात. अनुदान गेले तर तिला शिक्षण सोडून दोन तासांवरच्या टर्की पक्षी कापायच्या कारखान्यात जावे लागेल. तिची आई मला म्हणाली, “मिसेस गर्टसन, तिथे पगार बरा आहे हो.” असे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, सिंककडे बघत होती.

३. आता आम्ही म्हाताऱ्या विद्यापीठात शिरलो कशा, हे सांगणे भाग आहे. त्यासाठी थोडे मागे जाते. माझ्या वयाच्या बाईने मागे जायचे नाही, तर जायचे कुठे?

माझ्या तरुणपणी विद्यापीठांना पैसे वाटायचे सूत्र नव्हते. दर फेब्रुवारीत विधिमंडळाची समिती यायची. दिवसभर बॉयलर बघायची, फुटक्या काचा बघायची, आणि संध्याकाळी आमच्या चर्चच्या तळघरात जेवायला बसायची. आम्ही व्हेरेनिके करायचो, म्हणजे पनीर भरून उकडलेल्या करंज्या, वर हॅमची दाट ग्रेव्ही. सिनेटर ऑर्व्हिल टिब्स म्हणून एक भला मोठा माणूस होता. दुसरे ताट संपले की तो पट्टा सैल करायचा आणि विचारायचा, “बायांनो, यंदा काय हवंय?” आम्ही “बॉयलर” म्हटले, की तो कागदी रुमालावर लिहून घ्यायचा, आणि दिवाळखोर राज्य असले तरी बॉयलर यायचा.

हे न्याय्य होते असे माझे म्हणणे नाही. टेकडीपलीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी शिजवलेले मांस चामड्यासारखे चिवट असायचे, म्हणून त्यांच्या गावच्या कॉलेजचे वाचनालय सत्तर सालापर्यंत गळत होते. मुले छत्री उघडून वाचायची. पक्षपात जावा म्हणून राजधानीने सूत्र आणले, हे चांगलेच केले. तक्रार एवढीच, की टिब्सना पोट होते आणि ते भरत असे.

४. पहिले सूत्र डोकी मोजायचे. सत्र सुरू झाल्यावर विसाव्या दिवशी जितकी डोकी पटावर, तितका पैसा. गावातली तरुण मुले शहराकडे गेली, तशी डोकी कमी पडू लागली. २०१९ च्या ऑगस्टात आमचे कुलसचिव डेल फ्रीसन (मी त्यांना रविवारच्या शाळेत शिकवले आहे, तेव्हाही ते ऐनवेळी जागे व्हायचे) प्रार्थनेनंतर उभे राहिले आणि म्हणाले, “पासष्टीपुढच्यांना रिकाम्या जागांवर फी माफ आहे. बारा डोकी कमी पडतायत. गोधडी मंडळात नेमक्या बारा आहात.”

एल्डा अनरू म्हणाली, “आम्हांला काय येतंय, डेल?”

“डोकं आणा, एल्डा. वापरायची सक्ती नाही.”

शेजारधर्म म्हणून आम्ही गेलो. आमच्याकडे कुणाचे कोठार जळाले की सारे गाव हातोडे घेऊन जाते, कोणी विचारत नाही की तुला सुतारकाम येते का. हे तसेच समजलो. नुसते ऐकायला बसणाऱ्यांना मोजत नाहीत, म्हणून डेलनी अर्जावर ‘पदवीसाठी, पूर्ण वेळ’ या चौकटीत खूण करायला सांगितली. आम्ही बाराही जणींनी केली. समूहगान, मातीकाम, पक्षीनिरीक्षण आणि पाण्यातले व्यायाम असे विषय घेतले. साथीच्या वर्षी मातीकाम संगणकावरून शिकवले. राज्याने तो तास मान्य केला, मडके कोणी मागितले नाही.

५. पुढे राजधानीला वाटले, की डोकी मोजण्यात काही अर्थ नाही, पदव्या मोजाव्या. ज्या डोक्यांनी विद्यापीठ तारले, तीच आता बुडवणारी ठरली. मी लगेच नाव काढून घ्यायला गेले. तेव्हा कळले, की नाव काढले तरी मी ‘गळती’ म्हणून मोजली जाणार. म्हणून संदर्भ क्र. २. आपल्याकडचा तरुण फार अदबीने बोलला.

“मॅडम, तुम्ही एकदा आत आलात की आकड्यातून बाहेर पडायचे चारच मार्ग आहेत. मृत्यू, कायमचं अपंगत्व, सैन्यभरती किंवा चर्चच्या धर्मकार्यासाठी परदेशी जाणं.”

मी विचारले, “यातला सोपा कुठला?”

तो म्हणाला, “तुमच्या वयोगटात बहुतेक पहिला घेतात, मॅडम.”

६. पहिला मार्ग शेवटी ठेवून मी बाकीचे तिन्ही प्रामाणिकपणे चाचपले, याची कृपया नोंद घ्यावी.

सैन्याचे म्हणाल, तर आम्ही मेनोनाइट, आमच्या पंथात शस्त्र धरत नाहीत. माझ्या पणजोबांनी बंदूक धरायला लागू नये म्हणून रशिया सोडला आणि गव्हाचे बी पेटाऱ्यात घालून या माळावर आले. तरीही ऑटमसाठी मी भरती कार्यालयात फोन केला. तिथल्या सार्जंटने वय विचारले, मी सांगितले. त्याने विचारले, “आजी, कुणी जबरदस्ती करतंय का तुमच्यावर?” मी म्हटले, “हो, उच्चशिक्षण मंडळ.”

अपंगत्वासाठी डॉक्टरकडे गेले. त्यांनी गुडघे वाजवून पाहिले, रक्त घेतले, आणि आनंदाची बातमी दिल्यासारखे म्हणाले, “व्हेल्मा, तू आम्हा सगळ्यांना पोचवशील.” पाण्यातले व्यायाम भोवले. म्हणजे राज्याच्याच खर्चाने मी इतकी धडधाकट झाले, की राज्याच्या उपयोगाची उरले नाही.

चर्चच्या धर्मकार्य मंडळाने कळवले, की ते सत्तरीच्या पुढच्यांना परदेशी पाठवत नाहीत. कारण वाटेत मेल्यास परत आणण्याचा खर्च फार येतो. त्यावर मी उत्तर पाठवले, की तसे झाले तर दोन मार्ग एकदम साधतील. त्यांनी अद्याप कळवलेले नाही.

७. बारा जणींपैकी एल्डा अनरू गेल्या महिन्यात वारली. तिने साठ वर्षे आमच्या समूहगानात वरची पट्टी सांभाळली. दफनानंतर तळघरात हॅमचे जेवण झाल्यावर कॉफी घेताना डेल माझ्याजवळ आले, टोपी हातात फिरवत म्हणाले, “वाईट झालं. पण पंचेचाळीसचे सेहेचाळीस झाले, मिसेस गर्टसन.” त्यांना स्वतःलाच शरम वाटली आणि ते भांडी विसळायला गेले. डेल वाईट माणूस नाही. चांगल्या माणसाच्या तोंडून असे वाक्य काढून घेते, ते आपले सूत्र.

त्या संध्याकाळी उरलेल्या अकरा जणींनी गोधडीभोवती बसून हिशेब केला. आणखी किती जणींनी एल्डाची वाट धरली, की मुलांचे अनुदान वाचेल? उत्तर निघाले, सात. कोणी हसले नाही. मग लिओना म्हणाली, “चिठ्ठ्या टाकायच्या का?” तेव्हा मात्र सगळ्या हसलो, आणि मी घरी येऊन हा अर्ज लिहायला घेतला.

८. सबब विनंती अशी, की प्रत्यक्ष मरण्यात वेळ व हॅम फार खर्च होत असल्याने आम्हां अकरा जणींना केवळ आपल्या तक्त्यापुरते मयत समजावे. आम्ही त्याचा गैरफायदा घेणार नाही. मतदान मात्र करू.

९. एक गोष्ट कळवणे प्रामाणिकपणाचे होईल. सहा वर्षे गाऊन, पोहून आणि पक्षी बघून आमची पदवी जवळजवळ पुरी होत आली आहे. सगळ्यांचा अडला आहे तो एकच विषय, बीजगणित. तो आम्ही दरवर्षी पुढे ढकलत होतो. जानेवारीत तो घेतला. ऑटम वृद्धाश्रमातून सुटली की माझ्या स्वयंपाकघरात येते आणि आम्हांला शिकवते. काल ती लिओनाला म्हणाली, “घाबरताय कशाला? ‘एक्स’ म्हणजे काय, अजून न भेटलेला पाहुणा. किती जणांचा स्वयंपाक करायचा ते आधी ठरवा, तो आपोआप सापडतो.” लिओनाला त्यानंतर सगळी गणिते सुटली.

आपले सूत्र खेड्यातला पदवीधर, गरीब पदवीधर, उशिरा शिकलेला पदवीधर आणि घरातला पहिला पदवीधर यांना प्रत्येकी जादा वजन देते, असे वाचनात आले. मी चारही आहे. अशा अकरा उतरल्या, तर मेडो फोर्कला द्यावी लागणारी रक्कम आपण आत्तापासून बाजूला काढून ठेवलेली बरी.

परीक्षा सात मेला आहे. या अर्जाचा निकाल त्याआधी लागला, तर आम्हांला मयत समजावे. नंतर लागला, तर कृपया आधी गुणपत्रिका मागवावी. पदवीदान सतरा मेला आहे. संचालकांनी यायचे असल्यास जेवण तळघरात, व्हेरेनिके आहेत. पट्टा सैल करायची मुभा आहे. दुसऱ्या ताटानंतर आम्ही आपणहून काही मागणार नाही, यंदा काय हवंय ते आपणच विचारायचे.

तूर्त श्वास घेणारी, आपली नम्र,
व्हेल्मा गर्टसन
मेडो फोर्क, दि. १४ एप्रिल २०२५

सोबत:
१) डॉक्टरांचे प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र (खेदपूर्वक).
२) धर्मकार्य मंडळाचा नकार.
३) मडके, एक. साथीच्या वर्षातले. तासाचे पैसे राज्याने दिले होते, म्हणून राज्यास परत. गळत नाही.