सोर्शा बेलनं घेतलेली डेअरी

२६ डिसेंबर
मॅलकी कोचनं शब्द दिला. हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, टीममधून मला ऑक्टोबरात काढलं होतं (रेफ्रीची शिट्टी मोहरीच्या चटणीत बुडवली, एवढंच). म्हणाला, "एकोणतीसला वर्षअखेरची क्विझ. शेजारच्या गावचे बॅलीकार्नवाले दरवर्षी कप नेतायत. आणलास तर टीममध्ये. नाहीतर वर्षभर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या भर."
कप आलाच समजा.

२७ डिसेंबर
निश्चय: आयर्लंडच्या वर्षभराच्या बातम्या, खेळ, गाणी, सगळं पाठ.
आज बातम्या. डिम्फनामावशीनं सगळे पेपर शेगडीत घातलेत. फक्त कोण वारलं ती पानं जपून ठेवलीत. तीच पाठ केली. बरीच मंडळी गेली.

२८ डिसेंबर
खेळ येतातच. गाणी आंघोळीत म्हटली. मावशी बाहेरून, "कुत्र्याला आत घेतलंस का रे?"
गाण्यांत मला कोण हरवणार? एप्रिलात पोस्टाच्या रांगेत मीच पुडी सोडली ना, की गायिका सोर्शा बेलनं आपल्या किलब्रॉनची बंद डेअरी राहायला घेतली! अख्खं गाव फसलं. मॅलकी अजून दर रविवारी चर्चबाहेर विचारतो, "फेलिम, बाई चहात साखर किती घेतात रे?"
बिचारा.

२९ डिसेंबर, चहाची सुट्टी
हॉलच्या संडासात बसून लिहितोय. बॅलीकार्न एका मार्कानं पुढे. आमच्या टेबलाचा कॅप्टन मी, पेन माझ्याच हातात. मावशीला बोलू द्यायचं नाही.

३० डिसेंबर
काल शेवटच्या प्रश्नापर्यंत बरोबरी. हॉलमध्ये कुणी सँडविचसुद्धा चावत नव्हतं. पोस्टातल्या टूहीबाईंनी चष्मा पुसला. माइकवर म्हणाल्या, "किलब्रॉनची जुनी डेअरी यंदा कोणी घेतली?"
मला हसू आवरेना. बाईंनी माझी थाप क्विझमध्ये घातली!
मावशी कानाशी, "फेलिम, 'कोणीच नाही' लिही, राजा."
भोळी. खरं लिहून मार्क घालवू? तिचा हात बाजूला केला. मोठ्या अक्षरांत: सोर्शा बेल.
कागद तपासायला शेजारच्या टेबलाकडे द्यायचे असतात. शेजारी बॅलीकार्न. त्यांनी वाचलं. एकजण खुर्चीवरून घसरला.
टूहीबाई म्हणाल्या, "उत्तर: कोणीच नाही. ती थाप..."
अख्खा हॉल एका सुरात: "फेलिमची!"
सगळ्या टेबलांचं बरोबर. बॅलीकार्नचंसुद्धा. चुकलं एकाचंच.
मागून मॅलकी, "फेलिम, साखर किती रे?"

३१ डिसेंबर
विचार केला. प्रश्नच चुकीचा होता. शिवाय एप्रिलात नक्की फसले होते, नंतर कुणीतरी सांगितलं असणार. मावशीवर संशय आहे.
निश्चय: नव्या वर्षात मॅलकीशी नीट बोलायचं. तो ऐकेल. मनानं मऊ आहे.

१ जानेवारी
वर्षाचा पहिला सराव. मैदानावरचा नळ गोठलेला. मावशीच्या किटलीनं वितळवला.
बाटल्या भरल्या. एक जास्त निघाली. झाकणावर मॅलकीच्या अक्षरात: सोर्शा बेल.
तीही भरली.