लाल दोऱ्याचा गैरवापर करून खार फितवणाऱ्या कटिंगमास्तरांना बागबंदी करण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान निरीक्षक साहेब,
सार्वजनिक बाग, मोठ्या फाटकाजवळचं ऑफिस.

विषय: वरीलप्रमाणे, आणि आजच्या आज.

संदर्भ: मी काल फाटकावर केलेली तोंडी तक्रार, जिच्यावर आपण हसलात.

महोदय,

१. विनंतीपूर्वक अर्ज करते की, मी बागेसमोरच्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बागेत खारींना गळ टाकतो. म्हणजे दोऱ्याला शेंग बांधायची, गवतात सोडायची, खारीनं धरली की दोरा हळूच वर घ्यायचा. तिचे मागचे पाय जमिनीवरून सुटले की डाव आपला. मग दोरा सैल सोडायचा आणि शेंग तिची. गाठ सुरगाठच, तिनं ओढली की सुटणारी. नियम चहावाल्या मावशींचे, पंचही त्याच.

२. अर्ध्या शेपटीची एक खार आहे, ठकी. ती फक्त माझ्या लाल दोऱ्याला यायची. तेवढ्यासाठी मी किती दुपारी मुंग्या चावून घेत गप्प बसलेय, ते माझं मला माहीत.

३. आमचे कटिंगमास्तर या खेळात कायम हरतात. सोमवारी त्यांनी माझ्या खणातलं लाल रीळ न विचारता उचललं. आणि शेंग बांधली नाही साहेब, कोटाच्या बटणासारखी सुईनं आरपार ओवून लाल दोऱ्याला मेणदोऱ्यानं आवळली. दोरा बघून ठकी आली, लटकली, डाव मास्तरांचा. मग ती ओढतेय, ओढतेय, शेंग काही सुटेना. शेवटी सोडून झाडावर गेली आणि तिथून बघितलं ते मास्तरांकडे नाही, माझ्याकडे. मावशींनी डाव बाद केला. मास्तर म्हणाले, "खार आहे गं ती, रुसायला तुझी नणंद आहे का?"

४. तेव्हापासून लाल दोरा दिसला की ठकी उलट पावली झाडावर पळते. मी चोर ठरले, तेही माझ्याच दोऱ्यानं.

५. सबब मास्तरांना बागेत पाऊल टाकू देऊ नये. ते जमत नसेल तर त्यांना बाकावर हात मागे बांधून बसवावं, त्यांचाच डबा फांदीवरून दोरीनं नाकासमोर सोडावा आणि दोरी माझ्या हातात द्यावी. सैल कधी सोडायची ते मी ठरवीन. मावशींनाही विचारायचं नाही.

हसू नये ही विनंती.

आपली नम्र,
काजं-बटणंवाली
(सही)
दिनांक: आजचाच, सुट्टी संपायच्या आत

सोबत: १) मेणदोऱ्यानं आवळलेली शेंग, दातांच्या खुणांसह. २) एक सुटी शेंग.

ता. क. अर्ज द्यायला येताना बाकावर मास्तर दिसले. दोरा नाही, काही नाही, तळहातावर सोललेले दाणे, आणि ठकी त्यांच्या गुडघ्यावर बसून खात होती. मला बघून मास्तर म्हणाले, "ये ना, बस." मी बसले नाही. तरी अर्ज मागे घेत नाही, उलट ठकीचंही नाव त्यात घालावं. सुटी शेंग पुरावा नाही. ती आपण ठकीला द्यावी असं माझं म्हणणं नाही. पण दिलीत, तर कुणी पाठवली ते तिला सांगावं.