हिच्या मापाचं लाइफ जॅकेट

२ फेब्रुवारी
ठरलं. या महिन्यात हिला बोटीतून फिरवून आणणार म्हणजे आणणार. रिटायर झाल्यावर हिच्या धाकट्या भावाबरोबर अर्ध्या वाट्यात शिडाची बोट घेतली, पण ही अजून एकदाही तीत बसलेली नाही. आधी माझं शिकणं चाललं होतं, मग हिचं दुखणं निघालं. आता हीच मागे लागली आहे. म्हणते, लवकर जाऊ या, मला जमतंय तोवर. हिला पहिल्यापासून घाईच फार. केमो संपली की अंगात ताकद येणारच आहे.

जन्मभर लिफ्ट तपासल्या. माझी सही असल्याशिवाय कुणी वर गेलं नाही की खाली आलं नाही. तेव्हा आधी लाइफ जॅकेट, मग समुद्र.

५ फेब्रुवारी
अख्खी दुपार दुकानात. बोटीत मेहुण्याची फोमची जॅकेटं आहेत. ती घातली की माणूस गादी गळ्यात बांधल्यासारखा दिसतो. आपण आपोआप फुगणारी घेतली, दोघांना दोन. पाण्यात पडलं की आतली गोळी विरघळते, सिलिंडरला भोक पडतं, गॅस भरतो आणि माणूस तोंड वर करून तरंगतो. दोरी ओढूनही फुगवता येतं, पण हिच्या हातात सध्या जोर नाही. दुकानदार म्हणाला, गोळीवालं ओलाव्यानं उगाचच फुटतं, दुसऱ्या पद्धतीचं घ्या. म्हटलं, नीट सांभाळणाऱ्याचं काही फुटत नाही. त्यानं बिल केलं.

घरी हिला घालून पाहिलं. पट्टा आणि अंग यांच्या मध्ये एक मूठ मावायला हवी. बरोब्बर मावली. ही म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही माझ्या मापाचं काहीतरी आणलंत.

१३ फेब्रुवारी, रविवार
आजचा बेत रद्द. मॅन्युअल पूर्ण वाचून झालेलं नाही. अशा स्थितीत निघणं म्हणजे बेजबाबदारपणा.

तोंडानं फुगवून रात्रभर ठेवायचं असतं, हवा गळते का बघायला. त्यामुळे हॉलमध्ये सोफ्यावर दोन फुगलेली जॅकेटं. ही त्यांना पाहुणे म्हणते, चहा घेणार का विचारते. गळती शून्य. सिलिंडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, वजन छापलंय तेवढंच भरलं. फार बरं वाटलं.

डॉक्टरांचा फोन हिनेच घेतला. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, आता औषधं बंद करू या म्हणतात. बघा! सुधारणा असल्याशिवाय कोण औषधं बंद करतं? ही पाहुण्यांना उशी द्यायला गेली.

२० फेब्रुवारी
हिच्या जॅकेटचा पट्टा सैल. दोन मुठी मावतात. कुणी हात लावलेला नसताना बकल घसरतं म्हणजे मालच खराब. आजही जाता आलं नाही.

तडक दुकानात गेलो. दुकानदारानं पट्टा हुकाला अडकवला आणि स्वतः त्याला लोंबकळून दाखवलं. सूतभर सरकला नाही. मग आवाज खाली आणून विचारतो, बाईंचं वजन उतरलंय का? माणसानं आपल्या धंद्यापुरतं बोलावं.

संध्याकाळी लेकीचा फोन. बाबा, आईला एकदा घेऊन जा ना. रडत होती. लांब राहून सल्ले देणं सोपं असतं.

२५ फेब्रुवारी, दुपार
किरकोळ घटना. हिचं जॅकेट पुसून बाथरूमच्या दारामागे वाळत घातलं होतं. त्यात हिने गरम पाण्यानं आंघोळ केली. वाफच वाफ. एकदम धडाम्! धावत गेलो तर ही टॉवेल गुंडाळून स्टुलावर, आणि खिळ्यावर जॅकेट पोट फुगवून उभं. हिला हसू आवरेना. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. किती दिवसांनी ऐकलं. मी चौकट धरून तिथेच उभा राहिलो. वाफेनं डोळे चुरचुरत होते.

नवं सिलिंडर आणि गोळी मागवली. ती येईपर्यंत निघण्याचा प्रश्नच नाही. यात माझी काही चूक नाही.

६ मार्च, रविवार
आज खरंच निघालो. मेहुण्यानं हिला उचलूनच धक्क्यावर आणलं. ऊन कोवळं, वारा बेताचा. शेवटची तपासणी म्हणून हिच्या जॅकेटचं झाकण उघडलं, तर आतली खूण लाल. हिरवी हवी.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, फोमचं घालू या ताईला, मी रोज तेच घालतो, किनारा धरून एक चक्कर मारून येऊ. मी ठाम नकार दिला. लाल म्हणजे लाल. पुढच्या रविवारी नक्की, म्हटलं. तो पाठ फिरवून दोर गुंडाळत बसला. दोर आधीच गुंडाळलेला होता.

ही बराच वेळ खुर्चीवर बसून बोटीकडे बघत होती. परत येताना म्हणाली, अहो, बुडायची भीती मला नाहीये. म्हटलं, म्हणून तर मला ठेवावी लागते.

घरी येऊन उघडलं. सिलिंडर अर्धा आटा ढिला बसवलेला. मीच बसवला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक स्क्रू ढिला ठेवला नाही. घट्ट केला, खूण हिरवी झाली.

१० मार्च
हॉस्पिटल. तात्पुरतं. खोली हवेशीर आहे.

पट्ट्याचं माप घ्यायला जॅकेट घेऊन गेलो. नर्सनं घालू दिलं नाही, नळ्या आहेत म्हणाली. मग नुसतंच वरून धरून पाहिलं. पट्टा शेवटपर्यंत ओढला तरी सैल. लहान मुलांचं मागवावं लागणार.

ही बघत होती. म्हणाली, फेरी राहिली आहे तोवर मीही राहीन, असाच हिशोब ना तुमचा? इंजेक्शनच्या गुंगीत काहीही बोलते. मी विषय बदलला, म्हटलं, रविवारी नक्की. हिने माझा हात धरला आणि बरं म्हणाली.

१३ मार्च, रविवार
सकाळी गेली.
आकाश स्वच्छ होतं. वारा बेताचा.

५ फेब्रुवारी
दुकानदाराचा फोन. जॅकेटं घेऊन वर्ष झालं, तपासणी करून घ्या, किती आणताय? म्हटलं, दोन.

फोन ठेवला. परत लावला आणि म्हटलं, एकच.

त्यानं विचारलं, का, दुसरं खराब झालं का?
म्हटलं, नाही हो. चांगलं ठणठणीत आहे. मीच कधी पाण्यावर नेलं नाही.