एकाआड एक ओळ

मंगळवार, ता. १४
सकाळी, चहानंतर

ती. ताईस,

नमस्कार. तुझे गुडघे, तुझा चष्मा आणि तुझा राग, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. माझी तब्येत वयाला शोभेल इतपतच वाईट आहे. खिडकीतलं ऊन सरकत टेबलावर आलं की लिहायला बसतो आणि पुढे गेलं की उठतो. म्हणजे हे पत्र उन्हाच्या मर्जीवर आहे.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ. ‘एवढ्या खर्चाचं चीज झालं का?’ खाली सही नाही. कागदाच्या पाठीवर उमटेल इतकं पेन दाबून लिहिणारं आपल्यात दुसरं कोण आहे, म्हणून सहीची गरजही लागली नाही. सूनबाईंनी ते आधी वाचलं, मग फ्रिजवर लावलं, मग काढलं, आणि मग मला दिलं.

उत्तर देतोच. पण आधी एक काम. येत्या रविवारी नात आणि तिचा नवरा तुला भेटायला येणार आहेत. लग्नाच्या दिवशी तुला बरं नव्हतं अशी तिची समजूत आहे. कुणी करून दिली ते पुढे येईल. तर ती आली की दोनदा खोक. दोनदाच. तू नाटक करायला लागलीस की थांबत नाहीस.

आता खर्च.

लग्न लागलं तो मनोरंजन बगिचा तू लांबूनच पाहिलायस, फाटकाबाहेरून. आत राजवाडा आहे, गुलाबी दगडांचा. मी जवळ जाऊन बोटाने वाजवून पाहिला, दगड पोकळ वाजला. मागच्या बाजूला वळसा घालून गेलो तर काय, लोखंडी अँगल, प्लायवूड, पाण्याचे पाइप आणि भिंतीला टेकवलेली फरशी पुसायची फडकी. तिथे एक अस्वल बसलं होतं. मुंडकं काढून शेजारी ठेवलं होतं आणि बिस्कीट खात होतं. पन्नाशीचा गृहस्थ, केस पांढरे.

“आजोबा, मुलीकडचे का मुलाकडचे?”

“मुलीकडचा. तुम्ही?”

“मी दोन्हीकडचा,” तो म्हणाला. “तासावर.”

त्या अख्ख्या सकाळी मला आवडलेलं माणूस म्हणजे ते अस्वल.

तुझ्या भाच्याने, आमच्या चिरंजीवांनी, या लग्नापायी अकरा वर्षांचे हप्ते अंगावर घेतलेत. तू म्हणशील, अक्कल गहाण टाकली. मीही तेच म्हणत होतो. पण एक सांगतो, तुला ठाऊक नसेल. नात सहा वर्षांची असताना त्याने तिला याच फाटकावरून परत आणलं होतं. तिकीट दोघांचं होईना, आणि सहा वर्षांच्या पोरीला एकटीला आत कोण सोडणार? मी दार उघडलं तेव्हा दोघांचे चेहरे एकसारखे होते. आता वीस वर्षांनी त्याने अख्खा बगिचा तिच्यासाठी दोन तास विकत घेतला. साडेसहा ते साडेआठ. नऊला फाटक लोकांना उघडतं. त्याच्या मनात तो खर्च लग्नाचा नव्हताच. त्या तिकिटाचा होता.

मग चीज झालं का? थांब.

फोनवर मी तुला म्हणालो होतो, “लग्न अगदी घरगुती आहे गं, चार माणसं.” फोटो तुझ्यापर्यंत पोचले तेव्हा तू चष्मा पुसून माणसं मोजली असशील. साठ होती. तर त्याचं असं, की पॅकेजच साठांचं होतं. एकसष्टावं डोकं आलं की वरचं पॅकेज. त्यात डोक्याबरोबर आणखी दोन घोडे आणि एक कारंजं गळ्यात पडतं. मुलाच्या कचेरीतले साहेब होते, व्याह्यांचे भागीदार होते. आकडा आकडा असतो, ताई, त्याला भाऊबहीण कळत नाही.

हे वाक्य मी मघाशी लिहिलं. आता वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. राहू दे, खोडत नाही. माणूस कसा पळवाट काढतो ते तुला दिसू दे.

(ऊन गेलं. बुधवारी पुढे लिहितो आहे.)

त्या सकाळचं वेळापत्रक एका पोरीकडे होतं. तिच्या कानात यंत्र होतं आणि ती सतत हवेशी बोलत होती, मी तिचं नाव ‘कानवाली’ ठेवलं. सात दहाला बग्गी. साडेसातला अंगठ्या आणि सह्या. सात पन्नासला, ‘आजोबांचे दोन शब्द, दोन मिनिटं’. माझं झालं की फुग्यांचं यंत्र सुरू, साबणाचे फुगे, त्यात फोटो.

दोन शब्द कसले, मी कविता म्हणणार होतो. आपल्या मास्तरांची.

आठवते ना? एका खोलीची शाळा, खिडकीला गज, आणि फळ्यावर मास्तरांचं वळणदार अक्षर. कुठल्या पुस्तकातली नव्हे, त्यांनी स्वतः केलेली. तू तिसरीत, मी पहिलीत, आणि आपण एका बाकावर, कारण पाटी एक होती. शनिवारी शेवटच्या तासाला मास्तर म्हणायचे, “उठा रे जोडी.” आपण उभे राहायचो. एक ओळ माझी, एक तुझी. माझ्या ओळी प्रश्नांच्या. मी नदीला विचारायचो, दिव्याला विचारायचो. तू हनुवटी वर करून उत्तर द्यायचीस, आणि वर्ग तुझ्याकडे बघायचा. मास्तर टाळी वाजवायचे ती तुझ्या ओळीवर. प्रश्नाला कोण टाळी देतं?

सातवीनंतर तू लाँड्रीत लागलीस आणि मी पुढे शिकलो. इस्त्रीच्या वाफेत उभी राहून तू दिवसभर लोकांचे शर्ट कडक करायचीस आणि माझ्या फीचं बघायचीस. संध्याकाळी मी अभ्यासाच्या नावाखाली तिथे येऊन बसायचो. मी प्रश्न टाकला की तू इस्त्री न थांबवता उत्तर फेकायचीस. नंतर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं मीटरचे आकडे लिहिताना ती कविता माझ्या डोक्यात चालूच असायची. कचेरीत मला ‘कवी’ म्हणत. मी जाता-येता सांगायचो, बालपणीची एक कविता अजून तोंडपाठ आहे. कुणी म्हणून दाखवा म्हटलं तर पहिली ओळ म्हणायचो, तेवढ्यात कुणाला तरी काम आठवायचं.

लग्नासाठी महिनाभर तालीम केली. मनातल्या मनात, चालताना. घड्याळ लावून पाहिलं, एक मिनिट चाळीस सेकंद. छान बसत होती.

सात पन्नासला मी राजवाड्यासमोर उभा राहिलो. साठ माणसं, फिक्या रंगाचे कपडे, पाठीमागे पोकळ दगड. नात समोर, तिच्या बापाचा हात धरून. मी घसा साफ केला आणि म्हणालो:

‘सांग नदी गे, जाशी कोठे?’

आणि थांबलो.

सवयीने थांबलो, ताई. मनात म्हणताना त्या जागी तुझा आवाज यायचा. साठ वर्षं येत होता. मला वाटायचं, मीच म्हणतो आहे. तिथे माइकसमोर उभा राहिलो, वाट पाहिली, आणि आवाज आला नाही. मग मी शोधायला गेलो, तर तिथे काहीच नव्हतं. फळा पुसावा तसं. दुसरी ओळ नाही, चौथी नाही, सहावी नाही. मला कविता येतच नव्हती. अर्धी येत होती. प्रश्न तेवढे पाठ.

फुग्यांच्या यंत्रावरच्या माणसाला वाटलं, झालं आजोबांचं. त्याने यंत्र सोडलं. माझ्या तोंडावर, चष्म्यावर, माइकवर साबण. कानवाली ओरडली, “थांबव, थांबव, अजून चालू आहेत ते!” यंत्र बंद. मी पुन्हा पहिली ओळ म्हणालो. पुन्हा थांबलो. पुन्हा फुगे. साहेब हसले. मग व्याह्यांचे भागीदार हसले. मुलगा जवळ आला, कानात म्हणाला, “बाबा, जेवढी येते तेवढी म्हणा आणि बसा.”

बसलो असतो तर बरं झालं असतं. नाही बसलो. हट्ट चढला. “थांब रे, येईल,” म्हणालो. तो माइक मी धरून ठेवला होता, आणि म्हाताऱ्याच्या हातातून माइक काढून घ्यायचा धीर त्या फिक्या कपड्यांत कुणाला होईना. किती वेळ ते मला विचारू नकोस. कानवालीच्या हिशेबात तेवीस मिनिटं. शेवटी नातच आली, माझा हात धरला आणि म्हणाली, “आजोबा, खूप छान होती. चला.” एक ओळ ऐकून म्हणाली, खूप छान होती.

मग सगळंच मागे पडत गेलं. फोटो राहिले. जिन्यावरचे, बग्गीतले, अस्वलाबरोबरचे. आणि नऊला फाटक उघडलं. त्याला कुणाचं लग्न कळतं?

लोक आत धावले. लहान मुलींना वाटलं, बगिच्यातली राजकन्या उभी आहे. बघता बघता आपल्या नातीपुढे रांग लागली. एक बाई नवऱ्यामुलाला म्हणाल्या, “जरा बाजूला व्हा हो, फ्रेममध्ये येताय.” दुसरी तुझ्या भाच्याला विचारते, “फोटोचे वेगळे पैसे, की तिकिटातच?” त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तिकिटातच.” ताई, त्याचा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. वीस वर्षांपूर्वी, दार उघडलं तेव्हा.

गाडीत तो पुढे बसला होता. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. नातीने मात्र विचारलं, “आजोबा, पुढची ओळ काय होती?”

“ती माझी नाही. तुझ्या आत्याआजीची.”

“मग ती का नव्हती आली?”

“तिला बरं नव्हतं,” मी म्हणालो.

आरशात तुझ्या भाच्याचे डोळे दिसले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे.

(गुरुवार. ऊन अजून आलेलं नाही. दिवा लावून लिहितो आहे, कारण आज लिहिलं नाही तर लिहिणार नाही.)

यादी तुझ्या भाच्याने केली होती. पेन्सिलीने, वहीच्या पानावर. पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. ‘आत्या’. त्याच्यापुढे कंसात, ‘खुर्ची लागेल, उतार आहे का विचारणे.’ मग मोजली तर एकसष्ट झाली. तो पान घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “बाबा, साहेबांना गाळतो. होईल काय, फार तर बढती लांबेल.”

मी म्हणालो, “कशाला? ताईला झेपायचं नाही.” आणि त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन तुझ्या नावावर रेघ मारली. तो म्हणाला, “निदान विचारू तरी.” मी म्हणालो, “मी विचारतो.” आणि तुला फोन करून चार माणसं सांगितली, त्याला सांगितलं, ‘तिला विचारलं, नको म्हणते.’

का, ते सांगतो. तुझा मोठा आवाज, वाफेने सोललेले तुझे हात, साहेबांसमोर लाज वाटेल, असलं काही तुझ्या मनात आलं असेल. ते असतं तरी बरं होतं. तसला कोतेपणा पुष्कळांत असतो. माझं कारण त्याहून बारीक आहे. तू तिथे असतीस तर मी पहिली ओळ म्हणताच खुर्चीतून हनुवटी वर करून तू दुसरी म्हटली असतीस. आणि सगळे तुझ्याकडे वळले असते. मला एकदा, एकदाच, अख्खी कविता एकट्याने म्हणायची होती. टाळी मला हवी होती. एका टाळीसाठी मी तुला खोडलं, ताई. जिच्या इस्त्रीवर शिकलो तिला.

आता तुझा प्रश्न. चीज झालं का? मुलाने अकरा वर्षं दिली ती लेकीसाठी. त्याचं चीज झालं असतं. सगळं जागेवर होतं. बग्गी वेळेवर, घोडे शांत, पोरीचा चेहरा बघण्यासारखा. ती सकाळ महाग नव्हती. मी ती वाया घालवली. बगिच्याच्या नावाने मी इथे चार पानं बोटं मोडली, पण त्या पोकळ भिंतींनी माझं काही बिघडवलं नाही. अस्वलानेसुद्धा आपलं काम चोख केलं.

तेव्हा रविवारी ती आली की खोकू नकोस. एकदाही नको. विचारेल तेव्हा जे आहे ते सांग. यादीतली रेघ सांग, फोन सांग. मुलाला मी आज सांगणार आहे की ‘तिला विचारलं’ हे खोटं होतं. त्याला अर्धं कळलेलंच आहे. नातीने माझं तोंड पाहायचं सोडलं तर तेही रास्त. तू दार लावून घेतलंस तर तेही.

क्षमा मागत नाही. ती मागून मला पुन्हा टाळीच घ्यायची आहे की काय, असं वाटतं.

खाली माझ्या वाट्याच्या ओळी उतरवल्या आहेत. मधल्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. भरून मला पाठव असं म्हणणार नाही. मला नकोतच, माझ्या तोंडी त्या शोभणार नाहीत. रविवारी नातीला म्हणून दाखव. तुझ्या आवाजात. निदान तिला ती कविता पुरी मिळेल.

सांग नदी गे, जाशी कोठे?

. . . . . . . . . . . . . . .

सांग दिव्या रे, जळशी का तू?

. . . . . . . . . . . . . . .

सांग पुला रे, थकशी ना का?

. . . . . . . . . . . . . . .

सांग घरा रे, दार कशाला?

. . . . . . . . . . . . . . .

तुझ्या शेजारी अर्धा बाक अडवून बसलेला,
बारक्या