मामांचा चेहरा, माझा फोन

कोच्कोर, १९ ऑगस्ट, मंगळवार

सीमारक्षक आणि आदरणीय मित्र एसेनबेक यास,

तेमिरकुलचा सलाम. तब्येत बरी ना? बुटांनी पाय सोलले नाहीत ना? जेवणात मांस दिसतं का, की नुसताच वास येतो? इकडे माणसं आणि गुरं दोन्ही सुखरूप आहेत. तुझ्या आईची कंबर आता वाकते आणि (हे जास्त महत्त्वाचं) परत सरळही होते. छावणीत फोन ठेवू देत नाहीत, अशी तू मागच्या पत्रात तक्रार केली होतीस. ती मी दोनदा वाचली आणि मला तुझा हेवा वाटला. का, ते पुढे येईलच.

आधी निकाल सांगतो, म्हणजे तू काळजी करत वाचणार नाहीस (मी असतो तर केली असती). बिश्केकच्या तंत्रशाळेत, फ्रिज दुरुस्तीच्या वर्गात, मला जागा मिळाली. नववीत शाळा सोडलेल्यांसाठी चारच जागा होत्या, त्यातली एक माझी. ती पक्की करायची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होती आणि अकरा सत्तावन्नला ती पक्की झाली. मी नाही केली. माझ्या केरिमकुलमामांनी केली.

त्याचं असं झालं. जागा फोनवरूनच, तीही स्वतःच्याच नंबरावरून पक्की करायची, असा शाळेचा नियम. माझ्या जुन्या फोनची काच तीन वर्षं चिकटपट्टीच्या आधाराने जगत होती, म्हणून गोऱ्हा विकून नवा फोन आणला. खोक्यावर चार्जरचं चित्र, पण उघडलं तर आत चार्जर नाही. घोडा विकताना लगाम काढून ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, पण आपण घोड्याच्या अंगावर लगामाचं चित्र काढून तो विकत नाही. बॅटरी काढता येत नाही, कारण मागे एकही स्क्रू नाही. सिमकार्डालाही खाच नाही, कार्ड म्हणे आतच आहे आणि दिसत नाही. या कंपन्यांना माणसाच्या नखांची एवढी भीती का वाटते, मला कळत नाही. मी फ्रिजचा वर्ग निवडला तो उगीच नाही. फ्रिजला मागे स्क्रू असतात, आणि जिला स्क्रू असतो ती वस्तू आपल्यापासून काही लपवत नाही, असं माझं मत झालं आहे. (कंपनीच्या अटी मी सगळ्या वाचल्या. सत्तेचाळीस पानं, दोन संध्याकाळी, शब्दकोश मांडीवर घेऊन. काहीही झालं तरी दोष कंपनीचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो एका ओळीत मावला असता.)

बुधवारी मामा दाढ दाखवायला कुरणावरून खाली आले आणि आमच्याकडे उतरले. मी फोन पहिल्यांदा सुरू केला तेव्हा सगळे भोवती बसलेले. फोन म्हणाला, माझ्याकडे पाहा. आता तूच सांग, मेंढ्याचं डोकं शिजलं की आपण ते कोणापुढे ठेवतो, थोरल्यापुढेच ना? मीही फोन मामांपुढे धरला. मामांनी टोपी सरळ केली आणि सांगितली तशी मान सावकाश फिरवली. फोनचं समाधान झालं. मग त्याने सहा आकडे मागितले आणि खाली लिहिलं, हे कोणालाही सांगू नका. तेही मी मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही पाठ फिरवली, मामांनी आकडे घातले आणि फोनला म्हणाले, "नाही सांगणार." नंतर तळवे पसरून आशीर्वाद दिला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

चूक माझी, असं आता अख्खं कोच्कोर मला सांगतं. पण घरात थोरलं कोण, हे कंपनीने एकदा तरी विचारलं का? त्यांच्या मते एका फोनला एकच मालक आणि एकच चेहरा. आपल्याकडे चहाच्या किटलीलाही एक मालक नसतो.

त्या रात्री फोन या हातातून त्या हातात फिरत राहिला, म्हणून त्याला कुलूप लागलंच नाही. गुरुवारी सकाळी मामा दाढ काढून कुरणावर परतले आणि दुपारी फोनने मला ओळखायला नकार दिला. आईचं नाक मामांसारखं आहे म्हणून तिने पाहून घेतलं. थोडक्यात हुकलं, असं तिला अजून वाटतं. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "तुझा असता तर त्याने तुला ओळखलं असतं." त्याच्या दुकानात बसलेली चार माणसं हसली. मी हसलो नाही. मुदतीला वीस तास उरले होते.

शेजारच्या ताश्तानच्या ट्रकमधून खिंडीपर्यंत आणि पुढे उसन्या घोड्यावरून मी दिवस मावळायच्या आत मामांच्या तंबूवर पोचलो. भाचा मामाच्या घरातून हवं ते उचलू शकतो, म्हणून भाच्यापेक्षा सात लांडगे परवडले, असं आपल्यात म्हणतात. मामांनी मला पाहून तेच म्हटलं आणि वर, लांडगे निदान फोन घेऊन येत नाहीत, ही भर घातली. पण त्यांचा गाल केवढा सुजला होता. दाढेची जागा जणू दुसऱ्या डोक्याला दिली होती. फोनने त्यांना पाच वेळा पाहिलं आणि पाचही वेळा नाही म्हटलं. मामांना ते फार लागलं.

मग मी आकडे विचारले.

"शब्द दिलाय," मामा म्हणाले.

"मामा, फोनला दिलेला शब्द तो काय शब्द?"

"म्हणजे शब्द कोणाला दिला, त्यावरून तो पाळायचा?"

 तंबूतली सात माणसं चहाचे वाडगे घेऊन तंबूच्या लोकरी नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसली आणि मामांनी आकडे स्वतः घातले. चष्म्याशिवाय घातले. चुकले. फोन आधी एक मिनिट रुसला, मग पाच, मग पंधरा. तिथे मी हात जोडून त्यांना थांबवलं. तसंही तिथे नेटवर्क नव्हतंच, ते मिळतं फक्त डोंगराच्या वरच्या धारेवर.

शुक्रवारी मामीचा दोऱ्याने बांधलेला चष्मा घेऊन आम्ही धारेवर चढलो. मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि मेंढ्या मोजायचं सोडून घड्याळ पाहत होतो. अकरा एक्केचाळीसला फोन उघडला. नेटवर्कची एक काडी आली, गेली, परत आली. पडद्यावर हिरवं बटण आलं. मी दाबणार तेवढ्यात मामांनी हात अडवला. म्हणाले, पोरगा शिकायला निघालाय आणि आशीर्वाद न देता कसं दाबायचं? एसेनबेक, थोरल्याचा आशीर्वाद मध्ये तोडता येत नाही, आणि आमचे मामा तो पूर्वजांपासून सुरू करतात. आजोबांपाशी यायला नऊ मिनिटं लागली. मी तळवे पसरून उभा होतो आणि तळव्यांना घाम फुटला होता. शेवटी त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला (सुजलेल्या गालाला वळसा घालून) आणि बटणावर अंगठा टेकवला. जागा पक्की.

मी गवतावर बसलो तो बसलोच. मामा वाकून म्हणाले, "रडतोस कशाला, लागलं का?" नाही म्हटलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आता झोप लागते, जेवण जातं, आणि फोन, कंपन्या, त्यांचे चेहरे, यांच्याशी माझा काही संबंध उरलेला नाही.

तुझा सुटलेला मित्र,
तेमिरकुल

ता. क. संबंध उरलेला नाही, कारण फोन मामांकडेच आहे. आशीर्वाद दिल्यावर थोरल्याचा चेहरा फोनमधून पुसणं अपशकुन, असं आई म्हणते. सूज उतरली आणि फोनने त्यांना पुन्हा ओळखलं. आता ते एक दिवसाआड धारेवर जाऊन कुस्त्या बघतात, आणि या कंपन्या म्हणजे सज्जन माणसं आहेत, असा त्यांचा निरोप आहे.

ता. क. २. या पत्राचं खरं कारण आता लिहितो. काल धारेवर शाळेचा फोन आला आणि तो अर्थातच मामांनी घेतला. मुलाला वसतिगृहात खाट हवी का, असं त्या बाईंनी विचारलं. मामांनी सांगितलं, आमचा मुलगा परक्यांत झोपणार नाही, तो एसेनबेकच्या बिश्केकमधल्या बहिणीकडे राहील. माझी खाट दुसऱ्याला गेली. तुझ्या बुरुलताईंना यातलं काहीच माहीत नाही. स्वतः मागणं मला बरं दिसत नाही, म्हणून तू त्यांना आजच्या आज लिही. वर्ग एक सप्टेंबरला सुरू होतात. मी स्वयंपाकघरात झोपेन, घोरत नाही, भांडी घासेन.

ता. क. ३. त्यांचा फ्रिज मी फुकट बघेन, हेही लिही. तो बिघडलेला नसेल तरी हरकत नाही. पहिल्या सहामाहीत उघडायला शिकवतात. परत जोडायला दुसऱ्या सहामाहीत.