सैनिक गेल्याचा केक

हायडेलबर्ग, जर्मनी, सप्टेंबर २०१३

प्रिय बाबा,

परक्या देशाचं सैन्य गावातून गेलं, तर आनंद व्हावा का? मला सांगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धापासून इथे तळ ठोकून असलेले अमेरिकन सैनिक गेले म्हणून रविवारी माझ्या घरमालकीणबाई, फ्राऊ वाइडनर, यांनी शेजाऱ्यांना केक खायला बोलावलं. मला युद्धाची चीड, म्हणून मी उत्साहाने गेले. पण युद्धाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

"वरच्या मजल्यावरचे गोरे सैनिक मला चालायचे," बाई म्हणाल्या. "काळे राहायला आले, तेव्हापासून मी जिन्याच्या कठड्याला हात लावणं सोडलं."

सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू तशी नाहीस हं. तू शिकलेली!"

मला किळस आली. तरी मी 'डांके' म्हणाले आणि केक गिळला.

पुण्यात आडनाव ऐकून आपल्याला खोली नाकारली, तेव्हा तुम्ही मुकाट्याने हात जोडलेत, म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. मी तर आभार मानले, बाबा.

हे तुम्हाला कळवायचं धाडस नाही, पत्र वहीतच राहील. पण खोली सोडत असल्याची नोटीस आज सकाळी मी बाईंच्या हातात दिली, खरं कारण लिहून.

तुमची,
क्रांती