चादरीवरून दिसलेलं आभाळ

रविवार, संध्याकाळ

विहाराच्या भिंतीवरचा कागद वाचून नाव दिलं होतं. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण. आज पहिला दिवस. मागच्या पुरात आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांनी तळमजल्यावरच्या सुर्वेआजींना उचलून वर आणलं, तेव्हा मी जिन्यात नुसती उभी होते. ते अजून सलतं.

शिकवणाऱ्या सरांनी अंगणात चादर अंथरली, चौघींनी तिची टोकं धरून माणूस कसा न्यायचा ते सांगितलं आणि विचारलं, "पेशंट कोण होणार?" कुणी उठेना, म्हणून मीच चादरीवर आडवी झाले. म्हटलं, "मी जड आहे हां." बारवी धरणाकडच्या पाड्यावरून आलेल्या कमळताई हसल्या. "रोज डोंगरावरनं मोळी आणतो आम्ही. तू गप पड."

चौघींनी उचललं आणि आभाळ चालायला लागलं. आधी फांद्या, मग एक घार, मग नुसतं निळं. मला शेवटचं कुणी उचललं होतं? आईनेच असेल. डोळे का भरले, कळलं नाही. घरी येऊन भाजी चिरतानाही ते आभाळ सरकत होतं.

तिथे मला खाली ठेवल्यावर कमळताई स्वतःच चादरीवर आडव्या झाल्या होत्या. "आता तू उचल." डोक्याकडचं एक टोक मी धरलं, बाकीची तिघींनी; गुडघे वाकवले. सरांनी एक, दोन, तीन म्हटलं, कमळताई जमिनीवरून सुटल्या, आणि त्यांनी निवांत डोळे मिटून घेतले.